न लिहिलेला ‘ए’: एका फारसी शिकणाऱ्याचं प्रकरण

भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक काका पुण्यात माझ्याकडे फारसी शिकायला येतात. वय चौसष्ट. मोडी त्यांना पूर्वीपासून येते, नोकरीत जुनी दफ्तरं उपसताना ती शिकावीच लागली. त्यांच्या घरच्या ट्रंकेत इनामाचा एक जुना मोडी कागद आहे. त्याच्या सुरुवातीच्या दोन ओळी अक्षरांनी मोडी, पण भाषेनं मराठी नाहीत. काका त्या घडघडा वाचून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, “मॅडम, अक्षर न् अक्षर लागतं, अर्थ लागत नाही.” सतराव्या शतकातल्या मराठी कागदांवर असा फारसी मायना पुष्कळदा दिसतो. तो एकदा नीट कळावा एवढ्यासाठी हा माणूस निवृत्तीनंतर अलिफ-बे गिरवायला बसला.

तीन महिन्यांत लिपी आली. रा. माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव ज्यूलियनांचा, १९२५ सालचा फारसी-मराठी कोश त्यांनी कुठूनतरी मिळवला होता आणि त्यातले निम्मे शब्द आपल्या ओळखीचे निघतात म्हणून ते हरखून गेले होते. मीही हरखले होते. इतका शब्दसंग्रह घेऊन येणारा विद्यार्थी क्वचित मिळतो. चौथ्या महिन्यात मी त्यांना आजच्या इराणी फारसीतला एक साधा उतारा दिला आणि सगळं अडलं.

उतारा मी स्वतः लिहिला होता, चारच वाक्यांचा. देवनागरीत मांडायचा तर असा:

साहेबखाने-ये मा दीरूज सरदर्द दाश्त. बे दारूखाने रफ्त. दर राह येक रूजनामे खरीद व पेसर-ए साहेब-ए कारखाने रा दीद. पेसर गोफ्त: ईन कार खेय्ली दर्देसर दारद.

अर्थ असा: आमच्या घरमालकाचं काल डोकं दुखत होतं. तो औषधाच्या दुकानात गेला. वाटेत त्यानं एक वर्तमानपत्र घेतलं आणि कारखान्याच्या मालकाच्या मुलाला पाहिलं. मुलगा म्हणाला, या कामात फार कटकट आहे. (फारसीत लिंग नाही, त्यामुळे ‘घरमालकीण औषधाच्या दुकानात गेली’ असंही चालेल. पहिल्या दिवशी कानाला खटकतं, आठवड्यात सवय होते.)

काकांनी वाचलं ते हे: “आमच्या साहेबांच्या घरी काल दर्द होतं. ते दारूच्या गुत्त्यात गेले. वाटेत रोजनामा खरेदी केला आणि मुलगा-साहेबांनी कारखाना पाहिला. मुलगा म्हणाला, हे काम दर्दी सरदाराचं आहे.”

यात एकही चूक आळसाची नाही. प्रत्येक चुकीमागे मराठीचं चांगलं ज्ञान आहे, म्हणून मी ते वाक्य न वाक्य वहीत उतरवून घेतलं.

आधी सोप्या चुका

दारूखाना आणि रोजनामा हे अर्थ बदललेले शब्द. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीत तोच शब्द बंदुकीच्या दारूला आणि मद्याला लागला. मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्याचं नावसुद्धा त्या बंदुकीच्या दारूवरून आलं आहे. इराणात रस्तोरस्ती ‘दारूखाने’ अशी पाटी दिसते, ती औषधाच्या दुकानाची. ‘रूजनामे’ म्हणजे रोजचा कागद, म्हणून वर्तमानपत्र. कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला रोजनामा म्हटल्यावर खटल्याच्या कामकाजाची रोजची नोंदच आठवणार. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. दख्खनेत फारसी आली तेव्हा ‘रोज’चा उच्चार रोजच होता. पुढे इराणात तो ‘रूज’ झाला, आपण जुना धरून ठेवला. ‘शेर’ म्हणजे वाघसिंह आणि ‘शीर’ म्हणजे दूध हा फरकही तसाच. तेहरानमध्ये आज दोन्ही ‘शीर’. ‘खाना’, ‘नामा’ यांचं तिकडे ‘खाने’, ‘नामे’ झालं, आपल्याकडे आ शाबूत राहिला. म्हणून ऐकताना मराठी माणूस गोंधळला तर त्याला दोष देऊ नये. त्याच्याकडे शब्दाचं जुनं रूप असतं.

अर्थ बदललेले शब्द पाठ करून सुटतात. खरं दुखणं बाकीच्या तीन ठिकाणी होतं: साहेबखाने, पेसर-ए साहेब-ए कारखाने आणि दर्देसर दारद.

मी केलेली चूक

मी काकांना साठ जोडशब्दांची यादी दिली, डावीकडे फारसी, उजवीकडे मराठी. त्यांनी ती पंधरा दिवसांत तोंडपाठ केली. कचेरीतला माणूस, शिस्तीत कमी नाही. पुढच्या उताऱ्यात यादीबाहेरचे पाच जोडशब्द आले आणि ते पाचही चुकले. शब्द कसा जोडला आहे हे न दाखवता जोडलेले शब्दच पाठ करायला देणं म्हणजे मोजणीचं ज्ञान नसलेल्याला नकाशे पाठ करायला लावणं. पंधरा दिवस माझ्यामुळे फुकट गेले.

मग मी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, “काका, तुमच्या खात्यात ‘दार’नं संपणारे शब्द किती?”

“भरपूर. कब्जेदार, खातेदार, इनामदार, तहसीलदार, शिरस्तेदार, हवालदार...”

“दार म्हणजे काय?”

“प्रत्यय.”

मराठी व्याकरणात तो प्रत्ययच आहे. फारसीत तो क्रियापद आहे, आणि हे कळल्यावर काकांचा चेहरा बदलला.

दार, नवीस, गीर, बंद

फारसी क्रियापदाला दोन अंगं असतात. ‘दाश्तन’ म्हणजे जवळ असणं, बाळगणं. शेवटचा ‘अन’ काढला की भूतकाळाचं अंग मिळतं: दाश्त. वर्तमानकाळाचं अंग मात्र वेगळंच निघतं: दार. शिकणाऱ्यांचा घाम इथेच निघतो, कारण हे दुसरं अंग बरेचदा नियमानं काढता येत नाही, प्रत्येक क्रियापदाचं लक्षात ठेवावं लागतं. लिहिणं ‘नेवेश्तन’, पण अंग ‘नवीस’. घेणं ‘गेरेफ्तन’, अंग ‘गीर’. बांधणं ‘बस्तन’, अंग ‘बंद’. बनवणं ‘साख्तन’, अंग ‘साज’. खाणं ‘खोर्दन’, अंग ‘खोर’. खेळणं ‘बाख्तन’, अंग ‘बाज’.

ही अवघड अंगं मराठी माणूस जन्मापासून वापरतो. नामापुढे हे अंग लागलं की ‘ते करणारा’ असा अर्थ होतो. कब्जेदार म्हणजे कब्जा बाळगणारा, बारगीर म्हणजे भार घेणारा, नालबंद म्हणजे नाल ठोकणारा, घड्याळसाज, दगाबाज. चिटणीस, पारसनीस, कारखानीस, वाकनीस यांतला ‘नीस’ हा ‘नवीस’ आखडून झाला आहे. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा, वाकनीस म्हणजे वाकिया, घडलेल्या गोष्टी, टिपणारा. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्या बदलात वाकनिसाचा मंत्री झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. पदांची नावं बदलली, आडनावं राहिली, आणि त्या आडनावांत फारसी क्रियापदं अजून जिवंत आहेत.

‘खोर’ तर आपण इतका आपलासा केला की शुद्ध मराठी शब्दांनाही लावला: भांडखोर, चिडखोर, लाचखोर. फारसीत ‘रेश्वेखोर’ म्हणजे लाच खाणारा. म्हणजे ‘लाच खाणं’ ही कल्पना दोन्हीकडे तशीच. फारसीत माणूस ‘सरमा खोर्दन’ म्हणजे थंडी खातो, त्याला सर्दी होते. ‘जमीन खोर्दन’ म्हणजे जमीन खातो, पडतो. आपण मार खातो, शिव्या खातो. यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही.

शिरस्तेदार हा शब्द काकांनी तीस वर्षं उच्चारला होता. फोडून दाखवला: सर, रिश्ता, दार. सर म्हणजे डोकं, टोक. रिश्ता म्हणजे धागा. धाग्याचं टोक हातात असणारा तो शिरस्तेदार. सगळ्या कामाचा दोरा त्याच्याकडे, म्हणून ‘शिरस्ता’ म्हणजे कामाची ठरलेली रीत. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमचे शिरस्तेदार खरंच तसे होते हो. फाइल कुठे आहे ते एकट्यांनाच माहीत.”

त्याच संध्याकाळी त्यांनी सहा क्रियापदं चालवली. दारम, दारी, दारद, दारीम, दारीद, दारंद: माझ्याकडे आहे, तुझ्याकडे आहे, त्याच्याकडे आहे आणि पुढे. बाकीच्या अंगांमागे वर्तमानकाळात ‘मी’ लागतो, दाश्तनला लागत नाही. मी-नेवीसम, मी-गीरम, मी-बंदम, मी-साजम, मी-खोरम. इराणात ‘नवीस’चा उच्चार ‘नेवीस’ होतो एवढाच बदल. ‘दर्देसर दारद’ यातला ‘दारद’ म्हणजे इनामदारातला ‘दार’ असं दिसल्यावर ‘सरदार’ वाचण्याची चूक परत झाली नाही.

बंदोबस्त हा शब्द मी राखून ठेवला होता. बंद-ओ-बस्त: एकाच ‘बस्तन’ची दोन्ही अंगं, मध्ये ‘ओ’ म्हणजे आणि. पोलिसांचा बंदोबस्त लागला असं वाचताना क्रियापदाची पूर्ण चावी समोर ठेवलेली असते. गोफ्तोगू (गप्पा) हाही तसाच, ‘गोफ्तन’ म्हणजे बोलणं, त्याची गोफ्त आणि गू ही दोन अंगं.

या रीतीला मर्यादा आहेत आणि काकाच त्यांवर जाऊन आदळले. कदरदान म्हणजे कदर जाणणारा, ‘दानेस्तन’ म्हणजे जाणणं, अंग ‘दान’. मग कलमदान म्हणजे कलम जाणणारा? नाही, तिथला ‘दान’ हा ठेवायच्या जागेचा प्रत्यय आहे, पिकदाणीतला. बागवानातला ‘वान’ राखणाऱ्याचा प्रत्यय आहे, त्यात क्रियापद शोधू नये. आणि घरदारातलं दार तर आपलं मराठी दार. दरखास्त आणि बरखास्त यांनी एक अख्खा तास खाल्ला. मराठीत दोन्ही ‘खास्त’. फारसीत दरखास्तमधला ‘खास्तन’ म्हणजे मागणं, त्यात एक मुका वाव, म्हणजे ‘व’चं अक्षर, लिहितात. बरखास्तमधला ‘खास्तन’ म्हणजे उठणं, त्यात वाव नाही. उच्चार एकच. सभा बरखास्त झाली म्हणजे सभा उठली. कान इथे उपयोगाचा नाही, कागदच बघावा लागतो.

न लिहिलेला ‘ए’

आता सगळ्यात मोठी अडचण. ‘केताबखाने’ म्हणजे ग्रंथालय. ‘केताब-ए खाने’ म्हणजे घरातलं पुस्तक. मधला ‘ए’, ज्याला इजाफा म्हणतात, तो फारसीत बहुतेक वेळा लिहितच नाहीत. छापील मजकुरात जोडशब्द चिकटवून किंवा अर्धी जागा सोडून लिहितात, पण हाताने लिहिताना किंवा घाईत टंकलेल्या मजकुरात पूर्ण जागा सुटते आणि डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

गोंधळ वाढतो तो क्रमामुळे. ‘केताबखाने’मध्ये मुख्य शब्द शेवटी आहे, अगदी आपल्या देवघरासारखा. मेहमानखाने, कारखाने, जाहीरनामा, करारनामा, सगळे असेच. मराठी माणसाला हे सरळ वाचता येतं. इजाफ्यात मात्र मुख्य शब्द आधी येतो. ‘पेसर-ए साहेब-ए कारखाने’ हे शेवटून वाचायचं: कारखान्याच्या मालकाचा मुलगा. दोन इजाफे, दोन ‘चा’. मी काकांना सांगितलं, जितके ‘ए’ तितके ‘चा’, आणि शेपटाकडून सुरुवात करा. विशेषण असेल तर ‘चा’ नको, ‘केताब-ए बोजोर्ग’ म्हणजे नुसतं मोठं पुस्तक, पण उलटा क्रम तोच.

लिहिलेला नसताना ‘ए’ आहे हे ओळखायचं कसं? दोन खुणा आम्हाला सर्वांत कामी आल्या. पहिली, ‘रा’. हा आपल्या ‘ला’चं काम करतो आणि अख्ख्या गाठोड्याच्या शेवटी बसतो. ‘पेसर साहेब कारखाने रा दीद’ असं दिसलं की ‘रा’च्या मागची तीन नामं एकाच गाठोड्यातली आहेत. काका आधी ‘पेसर साहेब’ला कर्ता करून मोकळे झाले होते. दुसरी खूण अनेकवचनाची. ‘हा’ लावून पाहायचा. ग्रंथालयं म्हणजे ‘केताबखानेहा’, ‘हा’ शेवटी. घरातली पुस्तकं म्हणजे ‘केताबहा-ये खाने’, ‘हा’ मध्ये शिरतो. जिथे मध्ये ‘हा’ शिरायला जागा आहे तिथे इजाफा, जिथे नाही तिथे समास. कानानंही कळतं: ‘केताबखाने’वर एकच आघात, शेवटच्या ‘ने’वर. ‘केताब-ए खाने’त ‘ताब’वरही येतो.

‘सरदर्द’ आणि ‘दर्देसर’ ही जोडी शिकवायला मला फार आवडते. दोन्हींत डोकं आणि दुखणं. सरदर्द समास आहे, आपल्या डोकेदुखीसारखा, आणि त्याचा अर्थ खरोखरची डोकेदुखी. दर्द-ए सर इजाफा आहे, डोक्याचं दुखणं, पण तो एकच शब्द होऊन त्याचा अर्थ झाला कटकट, त्रास. मराठीत ‘डोकेदुखी’ हा एकच शब्द दोन्ही कामं करतो. फारसीनं ती दोन रचनांत वाटली.

काकांनी हे पक्कं केलं आणि मग साहेबखानेनं त्यांना परत पाडलं. “समास आहे, ‘हा’ शेवटी येतो, म्हणजे मुख्य शब्द शेवटी, म्हणजे साहेबांचं घर.” तर्क बिनचूक, अर्थ चुकीचा. हा शब्द मुळात ‘साहेब-ए खाने’, घराचा मालक. बोलता बोलता ‘ए’ झिजून गेला आणि समास झाला, पण क्रम इजाफ्याचाच राहिला. अशी शब्दांची एक छोटी जात आहे. मादर-बोजोर्ग, म्हणजे मोठी आई, आजी. सीबजमीनी, जमिनीचं सफरचंद, म्हणजे बटाटा. यांना नियम शोधत बसू नये. संख्या फार नाही, भेटतील तसे ओळखीचे करून घ्यावेत. काकांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांना प्रत्येक जमिनीची हद्द आखलेली हवी असते.

आज

यादी फेकून देऊन दहा आठवडे झाले. काका आता छोट्या बातम्या वाचतात. लांब इजाफ्यांच्या माळेत अजून कधीकधी एखादा ‘ए’ सुटतो, विशेषतः माणसांच्या आणि खात्यांच्या नावांत. नवा जोडशब्द दिसला की मात्र ते कोश उघडत नाहीत, आधी बोटानं शेवट झाकून बघतात: हे क्रियापद आहे का, हे खाने-नामे आहे का, की मध्ये काहीतरी गळलंय.

गेल्या गुरुवारी ते ट्रंकेतल्या कागदाची झेरॉक्स घेऊन आले. पहिल्या ओळीचा तुकडा असा: बजानेब कारकुनानि हाल व इस्तकबाल, आणि पुढे बिदानद.

मी काही बोलले नाही. त्यांनी बोट ठेवलं ‘कारकुनानि’वर. कार, म्हणजे काम. कुन, ‘कर्दन’चं अंग, करणारा. काम करणारा तो कारकून. ‘आन’ अनेकवचन, माणसांचं. मग ‘नि’वर थांबले. “मॅडम, इथे ए लिहिलाय.”

लिहिलेला होताच. कारकुनान-ए हाल: सध्याचे कारकून. व इस्तकबाल: आणि पुढे येणारे. फारसी लेखनिकानं तो ‘ए’ डोळे मिटून गाळला असता. मोडी लिहिणाऱ्या मराठी कारकुनाच्या अक्षरात स्वराला जागा होती, त्यानं कानाला ऐकू आला तसा तो टिपला आणि ‘नि’ला वेलांटी दिली. ‘बजानेब’ म्हणजे च्याकडे, यांस. ‘बिदानद’मध्ये मोडीच्या सवयीप्रमाणे अनुस्वार गळला आहे. बि-दान-अंद: कदरदानातला ‘दान’, जाणणं, शेवटी ‘अंद’, ते. सध्याच्या आणि पुढे येणाऱ्या कारकुनांनी जाणावं.

काकांनी पेन्सिलनं झेरॉक्सवर त्या वेलांटीभोवती गोल काढला. तिच्यापुढे सुहूर सनाचा, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या एका कालगणनेचा, आकडा अरबी शब्दांत आहे: खमस अर्बैन व अलफ, म्हणजे पाच, चाळीस आणि हजार, १०४५. इसवी सनात १६४४-४५. अरबी अंक सोमवारी सुरू करू असं ठरलं.